खवट दाण्याची खिरापत

ये, जवळ ये जरा. दुरून फोनवर नुसतं "हो आजी, करते आजी" म्हणत जाऊ नकोस. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि तुझं आपलं एकच, वेळ नाही. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त द्यायला असा किती वेळ लागतो? केसांना रंग लावायला तुला अख्खा रविवार मिळतो, ते मी फोटोत पाहिलं आहे. रागावले नाही मी. पण तुझी आई माझी लेक आहे, तू तिची लेक आहेस, आणि माझ्या रक्तात जे निघालं ते तुझ्यापर्यंत पोचलं की नाही, हे मला कळायला हवं. तुला वाटतं, आजीला कोणीतरी नाटक दाखवलं आणि भरीस घातलं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. कोणी भरीस घालावं अशी मी नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे. शेजारणीने उसनी नेलेली साखर परत आणून दिली तरी मी ती चिमूटभर चाखून मगच डब्यात टाकते.

लिहायला मी माझी मीच शिकले, म्हणून या पत्रात हात पुस्तकातलं "मला" लिहितो आणि तोंड "मले" म्हणतं. तेवढं चालवून घे.

तर झालं असं. श्रावणातला बाजार होता, आपला अंजनगावचा. मी झेंडूची पाटी आणि सांभाराच्या जुड्या घेऊन बसले होते. सांभार म्हणजे तुमच्या पुण्याची कोथिंबीर. एवढ्यात बाजाराच्या तोंडाशी एक गाडी थांबली. तिच्यातून ढोलकी उतरली, डफ उतरला, आणि सगळ्यांनी सारखे निळे झब्बे घातलेली पोरं-पोरी उतरली. गाडीवर लिहिलं होतं, कलापथक. मी पहिलं काम काय केलं असेल, तर कमरेचा बटवा चाचपला. माझ्या शेजारी मिरच्यावाली बसते, तिने मिरच्यांवर फडकं ओढलं.

"कायचं वो?" तिने विचारलं.

"कायचं असन. काईतरी विकाले आले असतीन."

उगीच नाही म्हटलं मी. एकदा असाच एक जादूगार आला होता, त्याने टोपीतून कबुतर काढलं आणि शेवटी दंतमंजन विकलं. एकदा भजन म्हणत बाया आल्या, त्यांच्या झोळीत कुकरच्या शिट्ट्या होत्या. फुकटचं गाणं कानावर आलं की माझा जीव आधी शोधू लागतो, यांच्या झोळीत काय आहे?

झोळीत काही दिसेना. त्यांनी बाजाराच्या मधोमध लग्न मांडलं. एका पोराने पोटाला उशी बांधून जोशीबुवा केला. त्याने पत्रिका उघडली, उलटी धरली, आणि सगळेच्या सगळे गुण जुळले म्हणून डकार दिली. लोक हसले. मग एक पोरगी नर्सबाई होऊन आली आणि म्हणाली, "आकाशातली पत्रिका पाहिली, रक्तातली पाहिली का?" आणि मग त्यांनी सिकलसेल समजावून सांगितला. रक्तातली लाल पेशी गोल असते, म्हणून एक पोरगा गोल गोल फिरत नाचला. ज्याला हा आजार असतो त्याची पेशी विळ्यासारखी वाकते, म्हणून दुसरा पोरगा कंबरेत वाकून आला आणि दोघांच्या मध्ये अडकला. तो हलेना, मागचेही अडकले, आणि सगळे मिळून "सांधा दुखला गं बाई, दम लागला गं बाई" असं ओरडू लागले. खरं सांगते, करणं छान होतं त्यांचं. म्हणूनच मला जास्त संशय आला. इतकं छान, फुकट?

मग नर्सबाईने तीन कार्डं वर धरली. म्हणाली, रक्त तपासल्यावर पांढरं कार्ड आलं तर काहीच नाही. लाल आलं तर आजार आहे, औषधपाणी नेमाने करायचं. आणि पिवळं आलं तर तुम्ही वाहक. "पिवळ्या कार्डाला घाबरू नका," ती म्हणाली, "पिवळ्या कार्डवाल्याला स्वतःला काही त्रास नसतो. फक्त दोन पिवळ्यांनी लग्न करायच्या आधी विचार करायचा."

पिवळं कार्ड म्हटल्याबरोबर बाजार पुढे सरकला. पोती ओलांडून माणसं आली. नर्सबाईचं "फक्त"च्या पुढचं कोणी ऐकलं असेल तर शपथ. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कार्ड इथीच भेटन, का तालुक्याच्या हापिसात जा लागन?"

"इथंच, बाबा. आज बोटातलं थोडं रक्त घेऊ, पक्कं कार्ड तपासणी झाल्यावर उपकेंद्रात मिळेल."

"रक्त घेऊन राहिले म्हंजे पक्कंच असन," म्हातारा मागच्याला म्हणाला.

रांग पार बसस्टँडकडे वळली. ती नर्सबाई झालेली पोरगी, अमरावतीची होती, नाटक शिकलेली, डोळ्यांत पाणी आणून रांगेकडे पाहत होती. माझ्याजवळ पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "आजी, बघा ना, किती जागरूक आहेत इथले लोक."

मी सांभाराच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं. पोलिओच्या डोससाठी ज्यांच्या घरी दोनदा निरोप पाठवावा लागतो, ती माणसं आज बाह्या वर करून उभी होती. माझं मन म्हणत होतं, हे काहीतरी वेगळंच आहे.

त्या रांगेत तुझी मामेबहीणही उभी होती. तिचं ऑनलाइनची कामं करायचं दुकान तिथून जवळच, दुकान बंद करून ती इकडे आली होती. मी हाक मारली, "तू काहून उभी राहिली वं?"

"पाहू तं खरं, आजी. सुई कशाले भ्यायची?"

काही आठवडे गेले आणि कार्डं आली. ज्याला पांढरं मिळालं तो चिडला, ज्याला पिवळं मिळालं त्याने पेढे वाटले. अतिशयोक्ती करत नाही, खरंच पेढे वाटले, मी खाल्लाय एक. माझी मिरच्यावाली उपकेंद्रात जाऊन भांडून आली. "माह्यापाशी धड वावर नाई, मजुरीवर घर चालते, अन् मले पांढरं? पांढरं त्या बंगलेवाल्याइले द्या." आणि तुझ्या मामेबहिणीच्या दुकानात माणसं ते पिवळं कार्ड घेऊन येऊ लागली, याला आधार जोडून दे म्हणत. एकाने विचारलं, "गहू कधीपासून चालू होते?"

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. अगं, आपल्याकडे पिवळं कार्ड म्हटलं की रेशनचंच. गरिबाला पिवळं, मधल्याला केशरी, पैसेवाल्याला पांढरं. त्या पोरांनी बाजारात उभं राहून पिवळं कार्ड वाटतो म्हणून सांगितलं होतं. एवढं नाचले, एवढं वाकले, आणि लोकांनी ऐकला तो गहू.

तिने त्या अमरावतीच्या पोरीला फोन करून हे सांगितलं. पोरगी दुसऱ्याच दिवशी आली आणि आपल्या ओट्यावर मान खाली घालून बसली. म्हणाली, रंग आम्ही नाही ठरवले. मी तिला चहा दिला. पण मनात म्हटलं, ज्यांना पिवळा रंग म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांच्या रक्ताच्या तपासणीवर तरी कितपत विश्वास ठेवावा?

ती गेल्यावर तुझी मामेबहीण माझ्यासमोर येऊन बसली. "आजी, माझंही पिवळं हाय. रेशनचं नाही."

आता हे तुला कळलं पाहिजे की तेव्हा घरात काय चाललं होतं. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला तो फुलबाजार तुला आठवत असेल. तिथलं एक घर वर्षानुवर्षं आपला झेंडू घेतं. त्यांचा पोरगा गाडी घेऊन फुलं न्यायला यायचा आणि तुझी मामेबहीण आसपास असली की झेंडू मोजायला त्याला नको इतका वेळ लागायचा. मी समजायचं ते समजले होते. दोन्ही घरांत बोलणं झालं, दसऱ्यानंतर साखरपुडा करू असं ठरलं. आमच्याकडे व्याहिणीला ईनबाई म्हणतात, मी त्याच्या आईला आधीपासूनच ईनबाई म्हणू लागले होते. आणि आता पोरगी पिवळी. तो पोरगाही पिवळा निघाला तर?

पण त्याच्याही आधी घरात दुसराच प्रश्न उभा राहिला. हे आलं कोणाकडून? मला वाटलं, सुनेच्या, म्हणजे तुझ्या मामीच्या, माहेराकडून. तिचा भाऊ लहानपणापासून काटकुळा, जिना चढला की धापा टाकणारा. मी तोंडाने काही बोलले नाही, पण सुनेला माझं न बोललेलंच जास्त ऐकू येतं. "आमच्या इकडे असं काई नाई, आई," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन रक्त देऊन आली. पांढरं. मग तुझ्या मामाने दिलं. पिवळं. सून भाकरी थापत राहिली, फक्त तव्यावर टाकताना जरा जोरात टाकत होती. मग मी गेले. माझंही पिवळं.

बाजारात गोष्ट पसरायला वेळ लागतो का? मिरच्यावाली म्हणाली, "काय वो, नातीचे हात पिवळे कराचे होते, तं तुमी स्वतःच पिवळ्या होऊन बसल्या." मी म्हटलं, "हळद लागाले वय लागत नाई." पण घरी येऊन बराच वेळ कार्ड हातात धरून बसले. इतकी वर्षं जे माझ्यात होतं त्याने मला कधी ताप आणला नाही, सांधा धरला नाही. गुपचूप बसलं होतं. असं गुपचूप बसणारं मला माणसात आवडत नाही, तर रक्तात कुठून आवडणार?

अकोल्याला सांगायचं की नाही, यावरून घरात दोन तट पडले.

"सांगाचं काई काम नाई," सून म्हणाली. "पोट्टीले काई झालं हाय का? नाई. मंग?"

"आई, त्यालेबी तपासा लागन ना," पोरगी म्हणाली. "दोघंही तसेच असलो तं पोराले होऊ शकते."

"तू सांगशीन, अन् ते लोक दुसरी पाहतीन. अन् मंग हे बाजारभर होईन, ते वेगळंच."

"मी त्याले फोन करते."

"थांब," मी म्हटलं. कारण मला ईनबाई माहीत. फोनवरून "रक्तात काहीतरी आहे" एवढं कानावर गेलं की पुढचं ती स्वतःच रचणार. आणि मला तिच्यावरही थोडा संशय होता. लग्नाचं बोलणं झालं त्या दिवशी मी सहज विचारलं होतं, घरात कोणाला काही दुखणंबिखणं? तेव्हा ती लगेच उठून आत गेली होती, चिवडा आणायला, आणि चिवडा तर समोरच ठेवलेला होता. हे ऐकताना तिचा चेहरा कसा होतो ते मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

हे असं चालू असतानाच अमरावतीची पोरगी परत आली. आता तिला म्हणे भुलाबाईच्या गाण्यांतून सांगायचं होतं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत बायापोरी भुलाबाईची गाणी म्हणतातच, तुमच्या पुण्याच्या भोंडल्यासारखी, त्यातच एक गाणं घालायचं.

"आमच्या भुलाबाईलेबी नोकरीले लावतं का?" मी म्हटलं.

ती हसली आणि तिने तिचं गाणं म्हणून दाखवलं. चाल बरी होती. पण शब्द? आनुवंशिक काय, समुपदेशन काय. मी म्हटलं, "हे म्हणता म्हणता बायाइले दम लागन, अन् तुमी सगळ्याइले लाल कार्ड देऊन मोकळे व्हाल."

"मग तुम्ही सांगा ना, आजी."

"आधी ते कार्ड बाजूले ठेव. कार्डाचं नावही नोको."

सुचलं ते असं. सून तेव्हा चटणीसाठी शेंगदाणे निवडत होती. एक दाणा तिने तोंडात टाकला आणि थू करून बाहेर टाकला, खवट होता. दिसायला अगदी बाकीच्यांसारखा. मी विचारलं, "दोन दाणे संगं खाल्ले, एक चांगला अन् एक खवट, तं?" सून म्हणाली, "जराशी चव लागते, पण भागून जाते."

मी त्या पोरीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. मग आम्ही दोघी खालीच बसलो, मध्ये शेंगदाण्याचं सूप. ती सांगत गेली, मी दाण्यांत मांडत गेले. प्रत्येक माणसात दोन दाणे, एक आईकडचा, एक बापाकडचा. दोन्ही चांगले, तो पांढऱ्या कार्डाचा. एक चांगला एक खवट, तो वाहक, त्याचं भागून जातं. दोन्ही खवट, त्याला आजार. आणि भुलाबाईत आम्ही डब्यात खिरापत ठेवून, डबा वाजवून ओळखायला लावतोच, आत काय आहे ते सांगा. हे दाणे तर वाजवून ओळखूच येत नाहीत. उघडून, चावूनच पाहावं लागतं.

मग ठरलं, आईचा एक डबा, बापाचा एक, आणि प्रत्येक बाळ दोन्हींतून एकेक दाणा उचलतं. पण माझी एक चूक तिने पकडली. मी म्हटलं, एका पोराने दोन्ही खवट उचलले की डब्यातले खवट संपले, पुढची पोरं सुटली. ती म्हणाली, "नाही आजी. काढलेले दाणे परत टाकायचे. प्रत्येक बाळाच्या वेळी डबा पुन्हा भरलेला." मला ते पटेना. तीनतीनदा विचारलं. शेवटी तिने तिच्या डॉक्टरांना फोन लावून माझ्या कानाला लावला, तेव्हा मानलं. तिलाही माझं सगळं पटलं नव्हतं. खवट म्हटलं की माणूसच वाईट, असं कोणी समजेल, ही तिची भीती. म्हणून मी गाण्यात दाण्याचा दोष कोणाला दिला नाही.

डबा हलवा, डबा हलवा, ओळखा गं खिरापत,
वरून सारे सारखे दाणे, आतलं कोणा माहीत?
एक आईच्या ओटीमधला, एक बापाच्या मुठीचा,
दाताखाली आल्यावाचून कळेना गं खवटीचा.

मी तिला म्हटलं, अकोल्यात तुमचा कार्यक्रम आहे ना, तर जुन्या शहरात अमुक गल्लीत ठेवा, मी स्वतः येते. तिने डोळे बारीक केले. "आजी, बाजारात पाणी मागितलं तरी तुम्ही चौकशी करता. आता एवढ्या सहज कशा तयार झालात?"

"मले भुलाबाईची आवड हाय," मी म्हटलं. शिकतात पोरी हळूहळू.

साखरपुड्याच्या आधी पोरीने त्या घरी जायची रीत नाही, म्हणून ती घरी राहिली आणि मी सुनेला घेऊन गेले. ईनबाईच्या अंगणात ज्वारीच्या धांड्यांचा मखर होता, त्यात भुलोजी आणि भुलाबाई बसवलेली. दिवेलागणीला गल्लीतल्या बायापोरी जमल्या, अमरावतीची पोरगीही आली. समोरच्या दारात बांगड्यावाली चाची कठड्याला टेकून उभी होती. आधी नेहमीची गाणी झाली, टिपऱ्या झाल्या. मग मी दोन डबे काढले, एक नवऱ्याचा, एक नवरीचा. दोन्हींत एक चांगला, एक गेल्या सालचा खवट दाणा. गाणं म्हटलं. मग पोरींना डोळे मिटून दोन्ही डब्यांतून एकेक दाणा काढायला लावला आणि दोन्ही संगं चावायला सांगितले.

पहिलीचे दोन्ही चांगले निघाले. दुसरीने तोंड जरा वाकडं केलं. "कसं लागते?" विचारलं तर म्हणाली, "कडूसं हाय, पण चालते." प्रत्येक वेळी मी डब्यांत पुन्हा तसेच दाणे भरत होते. एका पोरीने दोन्ही खवट काढले आणि तिने तळहातावर थुंकले. सगळ्या हसल्या. चाची दारातून म्हणाली, "अब मुंगफली में भी डाक्टरी आ गई क्या?"

ईनबाई हसली नाही. मी तिच्याकडेच पाहत होते. तिने पुढे होऊन माझ्या हातातल्या डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "जरा आत या."

स्वयंपाकघरात तिने दार लोटलं. "कोनं सांगितलं तुमाले?"

"काय?"

"उगी भोळ्या होऊ नोका. माह्या नणंदेच्या पोराचं. दर थंडीत त्याचे हातपाय सुजत होते, रडरड रडे ते लेकरू. शाळेत जाऊ लागलं अन् गेलं. आमी वात म्हणत होतो. घरच्याइशिवाय कोनाले माहीत नाई. अन् तुमी गाणं रचून आमच्याच अंगणात वाजवाले आल्या? चौकशी कराची होती तं सरळ माणूस पाठवाचा."

मी तिथे पाटावर बसले.  नणंदेचं पोर, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या रक्ताकडून. म्हणजे तिच्या पोरापर्यंतही पोचलेलं असू शकतं.

"ईनबाई," मी म्हटलं, "तुमचं मले काईच माहीत नव्हतं. गाणं मी माह्यावर रचलं. मी तशी हाय, माहा पोरगा तसा हाय, अन् नातही."

 शेगडीवरचं दूध वर आलं, तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "म्हंजे सोयरीक मोडाले आल्या."

"नाई. पोराले तपासा म्हणाले आली."

"तेच झालं."

"तपासाच्या आधीच कसं तेच झालं?"

"सरळ काहून नाई सांगितलं मंग?"

"सरळ सांगितलं असतं तं तुमी मले अंगणात बसू देलं असतं?"

तिने खरंच विचार केला. "नाई," म्हणाली. मग चहा दिला. चहात साखर कमी होती. ती रागाने कमी घातली की तिच्या हाताला तेव्हा भान नव्हतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पोराने दुसऱ्या आठवड्यात अकोल्यातच रक्त दिलं. पिवळं.

मग ईनबाई आपल्या वावरात आली, झेंडू पाहायच्या निमित्ताने. आम्ही दोघी बांधावर बसलो. साखरपुडा पुढे ढकलायचा असं ठरलं. मोडायचा असं कोणीच म्हटलं नाही, पण पुढे म्हणजे कुठवर, हेही कोणी विचारलं नाही. जाताना ती म्हणाली, तिच्या गल्लीतल्या बाया आता ते गाणं म्हणतात, आणि चाचीने आपल्या भाचीला तपासायला नेलं. आणि म्हणाली, "चाल चांगली हाय तुमची, शब्दात मी थोडं बदललं." काय बदललं ते सांगितलं नाही. मला वाटतं, माझा "खवट" काढून टाकला असणार.

गावात लोक काय काय म्हणतात ते तू ऐकलंच असशील. कोणी म्हणतं मुलाकडच्यांनी गाडी मागितली, कोणी म्हणतं पोरीत काहीतरी आहे. तुझी मामेबहीण दुकानात जाते, येते. एकदाच तिने सांगितलं, ती आणि तो पोरगा दोघं अमरावतीला डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी लग्न करू नका असं म्हटलं नाही, करा असंही म्हटलं नाही. समजावून सांगितलं. दर बाळाच्या वेळी चारात एक धोका, डबा दर वेळी नव्याने भरलेला. दिवस राहिले की सुरुवातीलाच पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, पण ती करायची का आणि करून पुढे काय, हे तुम्हा दोघांनाच ठरवावं लागेल. हे सांगताना तिचा आवाज असा सपाट होता की त्यातून मला काही काढता आलं नाही.

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. संध्याकाळी फोन आला की ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन बोलते. अकोल्याला जाणारा झेंडू आता ती स्वतः बांधते, आधी कधी हात लावत नव्हती. आणि परवा ईनबाईचा फोन आला, भाव विचारायला. ठेवता ठेवता म्हणाली, "तुमच्या झेंडूच्या पोत्यात मधोमध पांढरी शेवंती कोन टाकून राहिलं? आमी तं मागवली नव्हती." मी म्हटलं, "काढून टाकू का?" तर जरा थांबून म्हणाली, "राहू द्या. विकल्या जाते."

आता मला सांग, मी यातून काय समजू? दोघं सोडून देत आहेत, की लग्न करायचं ठरवून बसले आहेत? करायचं असेल तर करू दे, मी आडवी येणार नाही. पण सगळं समजून करत आहेत की नुसत्या शेवंतीवर, हे मला कळू दे. मी विचारलं तर म्हणते, "तुले सांगितलं तं तू गाणं रचशीन." सुनेला विचारलं तर ती भाकरी जोरात टाकते. तुझ्याशी ती बोलेल. तुम्ही दोघी लहानपणी एकाच गोधडीत कुजबुजायच्या, मी सगळं ऐकायचे.

तर ये. रजेचं कारण सांगू नकोस, आजी आजारी आहे म्हणून सांग, मी फोनवर खोकून देईन. आलीस की आधी उपकेंद्रात जाऊन बोट पुढे कर, कार्ड कोणत्याही रंगाचं निघो, तिथे गव्हाचं काही विचारू नकोस. मग दोघी टाकीमागे जाऊन बसा. मी ऐकायला येणार नाही, तेवढा विश्वास ठेव. शेंगदाणे भाजून ठेवते, यंदाचे नवे आहेत, तरी खाताना एकेकच खा. लवकर येजो.